नाही म्हणायची शिकवणी

आबांकडे केस कापायला बसलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नसे. कात्री आणि जीभ दोन्ही एकाच वेगाने चालायच्या, आणि कात्री थांबली तरी जीभ थांबेलच याची खात्री नसायची. गळ्याभोवतीचं कापड सोडून झाडून झालं, तरी लोक खुर्चीत तसेच बसून राहायचे. आबांनी सुरू केलेली गोष्ट ऐन रंगात आलेली असायची, आणि ती अर्धवट टाकून जाणं कुणाच्या जिवावर यायचं.

अशा माणसाच्या नेमकं बोलण्यावरच घाला आला. एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्यांचा उजवा हात मध्येच गळून पडला, आणि मुलाला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता घरघराट. अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा ओढत का होईना चालत होता. उजव्या हातात हळूहळू जोर येत होता. बोलण्याचं मात्र भलतंच होऊन बसलं होतं.

म्हणजे डोक्यात सगळं शाबूत होतं. वाक्य आत अगदी नीट तयार व्हायचं, अंघोळपांघोळ करून, कपडे घालून. पण ओठांच्या दाराशी आलं की त्याच्या जागी दुसराच कुणीतरी बाहेर पडायचा. चहा मागायला जावं तर ‘चप्पल’ निघायचं. मुलाला हाक मारावी तर ‘टॉवेल’. सगळ्यात वाईट गत ‘हो’ आणि ‘नाही’ची. आबांच्या मनात काहीही असो, बाहेर यायचं ते ‘हो’.

“आबा, मीठ कमी पडलंय का?” सून विचारायची.

“हो.”

“का जास्त झालंय?”

“हो.”

नात झाल्यापासून सगळं घर त्यांना आबाच म्हणत होतं. मुलगाही आणि सूनही.

घर दुकानाच्या मागेच होतं. पुढे आरसे, दोन खुर्च्या आणि मुलाची कात्री. मधे एक दार. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सून दुपारपर्यंत एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. तेवढा वेळ मागच्या घरात आबा आणि नात. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला चार वर्षं पूर्ण व्हायची होती, पण बसलेली तिला फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिले काही दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आबांना ऐकू उत्तम येत होतं, तरी का कोण जाणे, प्रत्येक जण त्यांच्याशी ओरडूनच बोलायचा. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक त्यांचा जुना दोस्त. तोही कानाशी वाकून ओरडला, “आबा! मला ओळखलंत का? मी कोण?”

आबांच्या मनात आलं, अरे गाढवा, तुझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ओळखतो की तुला. ते सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “बादली.”

चष्मेवाल्याने मान दुसरीकडे फिरवली. त्याचे डोळे भरलेले आबांना दिसले. त्या दिवसापासून आबांनी कानाला खडा लावला. भलतंच बोलून लोकांना रडवण्यापेक्षा तोंड मिटलेलं बरं. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या ताई होत्या, त्यांनी चित्रं दाखवली तरी आबा मूग गिळून बसायचे.

“आबा बोलत का नाहीत?” भिंगरीने आईला विचारलं.

“त्यांचे शब्द हरवलेत गं,” आई भांडी लावता लावता म्हणाली. “सापडतील हळूहळू.”

आता हरवलेली वस्तू आपोआप सापडत नाही, ती शोधावी लागते, एवढी अक्कल भिंगरीला होती. तिने लगेच कंबर कसली. आबांच्या खाटेखाली सरपटत गेली आणि एक मोजा, एक बटण आणि अर्धं बिस्कीट घेऊन बाहेर आली. बिस्किटावरची धूळ फुंकून तिने ते खाल्लं. “हे माझंच होतं,” असं आबांना सांगून टाकलं. मग उशीच्या अभ्र्यात हात घालून पाहिला. पुढे दुकानात जाऊन कापलेल्या केसांचा ढीग उपसला, आणि बापाने ओरडून परत पाठवेपर्यंत अंगभर केस लावून घेतले. शेवटी टॉर्च घेऊन ती आबांच्या मांडीवरच चढली.

“आ करा.”

आबांनी आ केला.

“अजून मोठा. माझ्यासारखा, डॉक्टरांकडे करते तसा.”

तिने टॉर्च आत फिरवला. बराच वेळ फिरवला. “दात आहेत. जीभ आहे. तिच्या मागे खूप अंधार आहे,” तिने निदान केलं. मग आबांच्या दोन्ही गालांवर हात ठेवून, तोंडाशी तोंड नेऊन आत हाक मारली, “ए शब्दांनो! या बाहेर! आबा नाही रागावत!”

आबांना हसू फुटलं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. आतून, पोटातून, खांदे हलवत आलं, आणि आलं ते अगदी पूर्वीसारखं आलं. हसण्यात काही चुकत नव्हतं. पुढून मुलगा हातातला वस्तरा तसाच घेऊन दारात येऊन उभा राहिला. तिथूनच बघत राहिला, आणि मग अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाकडे परत गेला.

भिंगरीसमोर मात्र आबांना तोंड मिटून बसणं जमेना. ती बसूच देत नव्हती. एका दुपारी चहाची तलफ आली. आसपास कुणी मोठं माणूस नाही असं बघून आबांनी धीर केला आणि म्हणाले, “चप्पल.”

भिंगरीने चप्पल आणली. एक एक करून त्यांच्या पायात घातली, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात. मग विचारलं, “कुठे जायचंय?”

आबांनी हाताने कप तोंडाला लावल्यासारखं केलं. भिंगरी विचारात पडली.

“चपलेतून प्यायचंय?”

मग तिचं तिलाच उमगलं. ती स्वयंपाकघराकडे पळत सुटली. “आई! आबांना चप्पल प्यायचीय! गरम! खासर कमी!”

कारण भिंगरी स्वतः साखरेला खासर म्हणायची. खिडकीला खिकडी आणि कपाटाला पकाट. त्यामुळे आबांचं काही बिघडलंय असं तिला वाटतच नव्हतं. चहाला चप्पल म्हणणाऱ्या माणसाशी तिचं उलट जास्तच जमलं. एकदा ती त्यांना फार मायेने म्हणाली, “आबा, तुम्ही पण नवीन आहात का? मी पण नवीन आहे.”

हळूहळू ती त्यांची दुभाषी झाली. ओढणाऱ्या पायाला उशी हवी, खिडकी लावून घ्यायची, पंखा कमी करायचा, हे तिला आबांच्या नुसत्या बघण्यावरून कळायचं. मात्र त्यात ती आपली पोळीही भाजून घ्यायची.

“आबा म्हणतात, भिंगरीला बिस्कीट दे. क्रीमवालं. दोन.”

“आबा एवढं लांबलचक बोलले?” आईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

“भुवईने बोलले.”

आईने आबांकडे पाहिलं. आबांनी इमानदारीत भुवई वर केली. दोन बिस्किटं मिळाली. त्यातलं एक आबांच्या वाट्याला आलं, क्रीम चाटून घेतलेलं.

असं बरं चाललं होतं, आणि मग ते केसांचं झालं.

हाताला व्यायाम म्हणून आबांनी आपली जुनी कात्री जवळ ठेवली होती. धार थोडी उतरलेली, टोकं झिजलेली, पण हाताला ओळखीची. उजव्या हाताने ती उघडायची, मिटायची, उघडायची. सकाळी थोडा वेळ दुकानाच्या कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसून हे चालायचं. येणाऱ्या जाणाऱ्यांच्या माना, कल्ले, भोवरे न्याहाळायचे. तोच काय तो त्यांचा विरंगुळा होता. त्या दिवशी ते मागच्या खोलीत आले, कात्री मांडीवर ठेवली आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा समोर भिंगरी उभी होती. डोक्यावर दुधाचं पातेलं उपडं घातलेलं, थेट भुवयांपर्यंत.

“मी शिपाई आहे,” ती म्हणाली, आणि कुणी काही विचारायच्या आत पुढे म्हणाली, “शिपाई टोपी काढत नाहीत.”

कात्री मांडीवर नव्हती. पायाशी पडली होती आणि तिच्या पात्यात बारीक, मऊ केस अडकले होते. आबांना सगळं समजलं. त्यांनी तिला जवळ ओढलं, आधी डोळे पाहिले, कान पाहिले, बोटं पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग पातेलं उचललं. कपाळावरची झुलपं एका बाजूला होती तशी, मधे कुणी रस्ता काढल्यासारखी मुळापासून साफ, आणि पलीकडे चार केस ताठ उभे. जन्मभर डोकी पाहिलेल्या माणसाने असं डोकं पाहिलं नव्हतं. त्यांनी पातेलं हळूच परत ठेवून दिलं.

दुपारी सून आली. शिपाई पातेल्यासकट जेवायला बसला तेव्हा तिला संशय आला. तिने पातेलं काढलं आणि ती मटकन खालीच बसली.

“कोणी कापले हे?”

भिंगरीने छताकडे पाहिलं. “आबांनी.”

सुनेने पात्यात अडकलेले केस पाहिले आणि आबांकडे वळली. “आबा, तुम्ही कापलेत?”

नाही, आबांच्या डोक्यात शब्द घंटेसारखा वाजला. नाही, मला झोप लागली होती, चूक माझी एवढीच की कात्री मांडीवर ठेवली. त्यांनी तोंड उघडलं.

“हो.”

ते दचकले. हात हलवला, पण मान जिभेमागोमाग हलली. “हो… हो!” चिडून खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटली. “हो!”

गलका ऐकून मुलगा आत आला. तो हलक्या आवाजात म्हणाला, “आबा, डोळ्याला लागलं असतं म्हणजे?” त्याने कात्री उचलली, पुसली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. ठरलं ते दोघांनी बाजूला जाऊन ठरवलं, पण आबांना ऐकू उत्तम येत होतं. उद्यापासून सकाळी भिंगरीला चष्मेवाल्याच्या बायकोकडे ठेवायचं. आबांनी दुकानात बसायचं नाही काही दिवस. तिथे हत्यारं असतात, त्यांचा भरवसा कसा धरायचा.

कुणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. सुनेने तर संध्याकाळी चहा आणून दिला, वर खांद्यावर हातही ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. नातीसाठी खोटा आळ घ्यायला आबांची ना नव्हती. पण घेतला असता तर तो आपणहून घेतला असता. इथे तर जिभेने त्यांना न विचारताच परस्पर कबुली देऊन टाकली होती. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी चष्मेवाल्याकडून परत आली, ती तडक त्यांच्या खाटेवर चढली. झुलपांच्या रस्त्यावर आईने रुमाल बांधला होता. बराच वेळ ती त्यांच्या शर्टाचं बटण पिरगाळत बसली.

“आबा,” ती शेवटी कुजबुजली, “तुम्ही हो का म्हणालात? तुम्ही कुठे कापले होते?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी म्हटलं आबांनी. मग तुम्ही नाही म्हणायचं ना. मग मी म्हटलं असतं, आबांनीच. मग तुम्ही परत नाही. असं असतं.” भांडणाची इतकी सरळ रीत मोठ्या माणसाला ठाऊक नसावी याचा तिला खरोखर अचंबा वाटत होता. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. “तुम्हाला नाही म्हणताच येत नाही?”

“हो,” आबा म्हणाले. आणि या वेळी ते अगदी बरोबर निघालं.

भिंगरी ताठ बसली. चमच्याने जेवणं, बुटाची नाडी बांधणं, झोपेतून एका हाकेत उठणं, यांतलं काही तिला धड येत नव्हतं. पण नाही म्हणण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

“मी शिकवते,” ती म्हणाली. “सोप्पं असतं. आधी पाय आपटायचा. मग नाक असं वर. मग पोटातून काढायचं. ना… ही!”

तिने करून दाखवलं. फरशी हलली.

“आता तुम्ही. आबा, दूध पिणार?”

“हो.”

“चूक. पाय कुठे आपटलात?”

आबांनी पाय आपटला. “हो.”

“नाक!”

शिकवणी रोज संध्याकाळी, भिंतीकडच्या खाटेवर. गुरू कडक होता. दूध पिणार, आंघोळ करणार, स्वेटर घालणार, समोरच्या काकूंना गोड पापा देणार, असे तिला आयुष्यात जे जे प्रश्न छळत आले होते ते सगळे तिने आबांना घातले. आबांना आधी गंमत वाटत होती, मग ते हट्टाला पेटले. पाय आपटला की कुठूनसा एक ठेका मिळत होता, आणि त्या ठेक्यावर ओठ उघडले की ‘हो’ आधी धावून यायचा, पण मागून आणखी कुणीतरी ढुशी देतंय असं वाटायचं. एकदा ‘हो’ आणि ‘ना’ दोघे दारात अडकले आणि ‘होना’ असं काहीतरी बाहेर पडलं. गुरूने त्याला अर्धे गुण दिले.

आणि मग एका संध्याकाळी, “आबा, आत्ताच्या आत्ता झोपणार?” या प्रश्नावर त्यांचा पाय पडला, नाक वर झालं आणि पोटातून आलं, “ना… ही.”

आबांनी घाबरत पुन्हा म्हणून पाहिलं. “नाही.” आणखी एकदा. “नाही. नाही!” शब्द तोंडात गोळ्यासारखा घोळवला. भिंगरीने त्यांच्या डोक्यावर थोपटलं. “शाब्बास. आता खाली पडून लोळायचं.”

तो धडा आबांनी पुढे ढकलला.

रात्रीच्या जेवणाला सगळे टेबलाशी बसले होते. सून वाढत होती. “आबा, अजून थोडी भाजी?” सवयीने विचारत तिने डाव पुढे नेलाही होता.

टेबलाखाली पाय आपटल्याचा आवाज झाला.

“नाही!”

डाव हवेत राहिला. मुलाने घास खाली ठेवला. “पुन्हा विचार,” तो बायकोला म्हणाला.

“आबा… भात?”

“नाही.”

“हे नुसतंच सुटलंय का? जे मनात आहे तेच आहे ना?” मुलगा पुढे वाकला. “आबा, पाणी हवंय?”

आबांनी विचार केला. पाणी हवं होतं. पाय आपटला नाही. “हो.”

सुनेने डाव भांड्यात ठेवला. ती पदराला हात पुसत खुर्चीवर बसली आणि आबांकडे सरळ बघत म्हणाली, “आबा, मी त्या दिवशीचं विचारते. भिंगरीचे केस तुम्ही कापलेत?”

आबांनी नातीकडे पाहिलं. तिच्या गालात घास होता. आता उत्तर त्यांच्या हातात होतं. हवं ते देता येत होतं. म्हणावं हो, काय बिघडतंय? दुकानातली खुर्ची आज ना उद्या मिळेलच. पोरीने कशाला बोलणी खायची? ते ओठ मिटून बसून राहिले.

पण गुरूला हे कसं सोसावं! पाठ करून घेतलेला धडा, सगळ्यांच्या देखत परीक्षा, आणि विद्यार्थी गप्प. भिंगरीने घास कसाबसा गिळला आणि खुर्चीवर उभीच राहिली. “म्हणा ना, आबा! येतं तुम्हाला! पाय आपटा! नाक!”

आबांचा नाइलाज झाला. पाय आपटला. “नाही.”

“शाब्बास!” भिंगरीने टाळ्या पिटल्या.

टाळ्यांचा आवाज विरला. आईने हळूच विचारलं, “मग कोणी कापले?”

भिंगरीचे हात हवेतच थांबले. आपण कुठे येऊन उभे राहिलो हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने छताकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

“कात्रीने,” ती म्हणाली.

मुलगा आधी हसला, मग आबा. आणि सून हसता हसता रडायलाच लागली. ती उठून आबांच्या खुर्चीशी आली. या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही, समोर उभी राहून म्हणाली, “आबा, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात आणि मी नुसता शब्द ऐकला.” आबांच्या मनात पुष्कळ होतं. त्यातलं काही दाराशी नेऊन बघावं असं त्यांना त्या रात्री वाटलं नाही. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यासाठी ताटात भात वाढला. उजव्या हाताने. थोडा सांडला.

सकाळी मुलाने कपाट उघडून कात्री काढली आणि कोपऱ्यातली खुर्ची आरशासमोर सरकवली. फळी आडवी टाकून भिंगरीला उंच बसवलं. आबा मागे उभे राहिले. कंगवा त्यांच्या हातात, मशीन मुलाच्या हातात. कंगव्याने केस उचलून आबा जिथे धरायचे तिथे मुलगा मशीन चालवायचा. तो रस्ता मिटवायचा म्हणजे सगळंच बारीक करणं आलं. होता होता भिंगरीचं डोकं एखाद्या बोरासारखं गोल आणि गुळगुळीत निघालं. आरशात बघून तिने आपल्याच टाळूवरून हात फिरवला.

“छान दिसतंय का?” बापाने भीत भीत विचारलं.

“नाही,” भिंगरी म्हणाली.

“नाही,” मागून आबाही म्हणाले, पाय न आपटता.